हिमनगांचे फोटो बघताना

सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंड
जून

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
सा. न.

हिमनगांचे बारा फोटो आज पाठवलेत. या वेळी "छान आलेत" एवढ्यावर भागवू नका. यातल्या काहींच्या मोठ्या प्रिंट काढायच्या आहेत, आणि मोठ्या आकारात कुठला फोटो टिकेल ते तुम्हा दोघांकडून कळायला हवंय.

आई, तुझ्या काळजीचं आधी. बोट नगाला खेटून जात नाही. नगाची लांबी किंवा त्याच्या उंचीची दुप्पट, यातलं जे जास्त तेवढं अंतर राखायचं असा इथला दंडक आहे. नगाचा साधारण सात-अष्टमांश भाग पाण्याखाली असतो. वितळून आणि लाटांनी झिजून तोल गेला की अख्खा नग उलटतो, आणि तो उलटायच्या आधी सांगत नाही. सुटून आलेल्या तुकड्यांवरही नजर ठेवावी लागते, कारण पाण्यावर मीटरभरसुद्धा न दिसणारा तुकडा काही टनांचा असू शकतो. म्हणून फोटो १००-४०० मिमी लेन्सने, लांबूनच काढायचे.

बाबा, एकाच दुपारी काढलेल्या फोटोंत कुठे बर्फ मळकट, कुठे पांढराफटक का, असं तुम्ही विचारलंत. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या छटेचं आहे असं धरून चालतं. नगाने चौकट भरली की मीटरला वाटतं उजेड फार झाला, मग ते हात आखडतं आणि बर्फ राखाडी येतो. तिथे एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, +१ करायचं, ढगाळ असेल तर +१.३ पर्यंत. नग लहान आणि भोवती काळंभोर पाणी असेल तर नेमकं उलटं होतं. पाणी उजळायच्या नादात मीटर बर्फच जाळून टाकतं, म्हणजे तो तपशील न उरता कोरा पांढरा येतो, तिथे -०.७ लागतं. म्हणजे "बर्फ आहे, वाढवा" हा सरसकट नियम धरून चालत नाही, चौकटीत काय किती आहे ते दर वेळी बघायचं. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या कडेपर्यंत गेला तरी चालेल, कडेवर चढता कामा नये. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, सावलीतला तपशील वर काढता येतो, पण पूर्ण जळालेला पांढरा भाग काही केल्या परत येत नाही.

हलत्या बोटीवर ट्रायपॉड कुचकामी. कोपर रेलिंगवर टेकवले तर इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. गुडघे किंचित वाकवून, बोटीच्या मधल्या भागात उभं राहायचं, कारण तिथे हेलकावा कमी. शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद, लेन्सचं छिद्र एफ/८, प्रकाशाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ४०० ते ८००. गुळगुळीत बर्फावर ऑटोफोकस चाचपडत राहतो, तेव्हा एकच बिंदू निवडून तो भेगेवर किंवा पाणी टेकतं त्या रेषेवर ठेवायचा. नऊ नंबरच्या फोटोत कड फुटल्यासारखी दिसते, ती मात्र फोकसची चूक नाही. गार पाण्यावर हवेचे कमी-जास्त तापमानाचे थर असतात आणि लांबून येणारा प्रकाश त्यांतून वाकत येतो. महागडी लेन्सही तिथे काही करू शकत नाही. असा लांबचा नग सोडून द्यावा.

चार नंबरचा फोटो जरा मोठा करून बघा. पांढऱ्या अंगातून एक निळी शीर तिरपी गेलीय. पांढरा बर्फ म्हणजे दाबून बसलेलं हिम, त्यात हवेचे असंख्य बुडबुडे अडकलेले असतात आणि ते प्रकाश सगळीकडे उधळतात. नग हिमनदीत असतानाच भेगेत पाणी शिरून गोठलं की तिथे बुडबुडे जवळजवळ नसतात. प्रकाश आत खोल जातो, तांबडा शोषला जातो आणि निळा बाहेर येतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्याची छटा ठरवणं, कॅमेऱ्यावर (ऑटो) सोपवलं तर तो हीच निळाई पुसायला बघतो, म्हणून ते ५२०० ते ५५०० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचं माप) दरम्यान पक्कं केलंय. हा रंग कडक उन्हापेक्षा ढगाळ दिवशी जास्त खुलतो. त्याच फोटोत खाली एकमेकींना समांतर तीन खोबणी आहेत, पाण्याला तिरक्या. त्या जुन्या पाणरेषा. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हिमनदीतून सुटून लॅब्राडोर प्रवाहाबरोबर इथवर येताना नग कसा कसा कलला, ते त्या सांगतात. मला हाच फोटो सगळ्यांत प्रिय आहे. पण तेवढ्यावर विसंबू नका.

आता बघायचं कसं ते. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेत, नाहीतर ते दाबले जाऊन कडा खराब होतात. दिवसा बघा, फोनची चमक मध्यावर ठेवून. रात्री अंधारात तोच फोटो नको तितका उजळ वाटतो. आधी आईने एकटीने बघावं. बाबा, तुम्ही मध्ये काही सांगू नका. आई, प्रत्येक नंबरसमोर तीनच गोष्टी लिही: नजर पहिल्यांदा कुठे गेली, नग किती उंच वाटला, आणि काय खटकलं. उंचीचं उत्तर मला सगळ्यांत जास्त हवंय. सहा नंबरचा नग साधारण पाच मजल्यांएवढा आहे. तुला तो मिठाच्या खड्याएवढा वाटला तर फोटो फसला, कारण मोज देणारं काहीच चौकटीत नाही. सात नंबरमध्ये तोच नग आहे, फक्त पुढ्यातून मासेमारीची बोट जातेय. दोन्हींच्या उत्तरांत फरक पडतो का ते बघू. मी ती उंची डोळ्यांनी पाहिलीय, त्यामुळे मला दोन्हींत ती दिसणारच.

बाबा, तुम्ही क्षितिज तपासा. नगाची पाणरेषा तिरकी असली तरी समुद्र सरळच हवा. पांढऱ्यात तपशील उरलाय का तेही बघा. फोटो उलटा धरून बघितला की कुठली बाजू जड झालीय ते चटकन कळतं.

डोंबिवलीच्या घरी प्रिंट लावायची तर दिवाणावरची भिंत की जेवणाच्या टेबलाजवळची, तेही कळवा. समोरून ऊन येत असेल तर मॅट कागद घेईन. सहा आणि सात यांचं तेवढं आधी लिहा, बाकीचं सवडीने.

तुमची लेक