घर आपलं, जमीन दुसऱ्याची

चि. मानसीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "आता ट्रेलर पार्कात राहणार?" म्हणालीस, आणि बाबा गप्पच झाले. म्हणून सविस्तर लिहिते. तू म्हणतेस ते ट्रेलर पार्क म्हणजे भाड्याच्या जागेवर उभ्या केलेल्या तयार घरांची वसाहत.

सॅन होजेत स्वतःचं घर घेणं आम्हाला कधी परवडलं नाही, हे तू जाणतेसच. बाबा निवृत्त झाल्यापासून अपार्टमेंटचं भाडं डोईजड झालंय. परवा तिथे पाहिलेलं घर दोन बेडरूमचं, एकमजली. असं घर कारखान्यात बांधून दोन भागांत ट्रकवरून आणतात आणि जागेवर जोडतात. 15 जून 1976 पासून अशा घरांना अमेरिकेच्या केंद्र सरकारचे बांधणीचे नियम आहेत. ते पाळल्याची खूण म्हणून प्रत्येक भागाच्या बाहेरच्या भिंतीवर एक लाल पट्टी ठोकलेली असते. बाबांनी वाकून ती शोधली आणि तिच्यावरचा नंबर वहीत उतरवून घेतला.

खरी काळजी जमिनीची. घर आपल्या नावावर, पण खालची जागा पार्कच्या मालकाची. तिचं भाडं दरमहा द्यायचं. ते वाढलं तर घर उचलून कुठे नेणार? हलवायचा खर्च हजारो डॉलर, आणि जुनं घर दुसऱ्या पार्कात सहसा घेत नाहीत. माणूस हलू शकत नाही हे हेरूनच बड्या गुंतवणूक कंपन्या पार्कं विकत घेऊन भाडी वाढवतात. पै पै जमवून घर घेतलेल्या म्हाताऱ्यांना असं कोंडीत पकडणं मला संतापजनक वाटतं.

म्हणून मी सॅन होजे सोडत नाही. इथे जुन्या पार्कांना शहराचा नियम आहे: वर्षाची भाडेवाढ महागाईच्या 75 टक्के, पण 3 टक्क्यांहून कमी नाही आणि 7 हून जास्त नाही. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मेरेडिथ गावात तर 1984 साली 13 कुटुंबांनी सहकारी संस्था काढून पार्कच विकत घेतलं! बाबा सांगलीचे, सहकार म्हटल्यावर त्यांनी ते दोनदा वाचून काढलं.

पार्क 55 वर्षांवरच्यांसाठी आहे, तरी आरवला सुट्टीत खुशाल पाठव. सलग 20 दिवसांपर्यंत पाहुण्याचे वेगळे पैसे घेता येत नाहीत, असा कॅलिफोर्नियाचा कायदाच आहे.

भाडेकराराची प्रत मेल केली आहे. पार्क बंद झालं तर काय, आणि पुढे घर विकताना मालकाच्या अटी काय, ही दोन कलमं तू नीट वाच. तुझा फोन आल्याशिवाय आम्ही सही करणार नाही.

तुझी,
आई