मेळघाटातील मुख्यसेविका ताईंचे आभार
जूनअखेरीस शाळा उघडल्या तेव्हा जन्मदाखल्यावाचून माझ्या नातीचा पहिलीतला प्रवेश अडला. वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षणहक्क कायदा, २००९ चे कलम १४ सांगते, हे आम्हांला कुठले ठाऊक असणार. आमच्या अंगणवाडीच्या मुख्यसेविका ताईंनी ते शाळेत शांतपणे समजावले आणि अंगणवाडीच्या नोंदवहीचा उतारा स्वतः नेऊन दिला. नात घरी कोरकूच बोलते, त्यामुळे ती वर्गात बावरेल हे ओळखून पहिल्या दिवशी त्या तिच्याशेजारी सतरंजीवर बसल्या, भिंतीवरच्या चित्रांची कोरकू नावे तिच्याकडून वदवून घेतली आणि ती कागदावर लिहून गुरुजींना दिली. तो कागद अजून फळ्याशेजारी डकवलेला आहे. नाव छापलेले ताईंना रुचणार नाही, म्हणून ते न लिहिता त्यांचे मनापासून आभार मानतो.