दहा हजारांतील एक विजेता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लास वेगासमधील ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या पत्त्यांच्या स्पर्धा-मालिकेतील मुख्य स्पर्धेत 1997 मधील स्टू उंगर यांच्यानंतर कोणत्याही माजी विजेत्याला पुन्हा जिंकता आलेले नाही, त्या अर्थी हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे, असा निष्कर्ष आपल्या दैनिकातील लेखात काढला आहे. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

जॉनी चॅन यांनी 1987 आणि 1988 मध्ये सलग विजेतेपद मिळवले, तेव्हा स्पर्धक दोनशेच्याही आत होते. 2023 मध्ये ते 10,043 होते. सामान्य स्पर्धकाच्या चौपट संधी असलेला खेळाडू गृहीत धरला, तरी वर्षातून एकदाच होणाऱ्या या स्पर्धेत त्याला एका विजयासाठी सरासरी अडीच हजार वर्षे खेळावे लागेल. शिवाय, हातात एक्क्यांची जोडी असताना राजांच्या जोडीविरुद्ध सगळ्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, पणाला लावण्याचा निर्णय अचूकच असतो, पण तोही पाचांतून साधारण एकदा फसतो, आणि समोरच्याकडे तेवढ्याच चिप्स असतील तर स्पर्धा तिथेच संपते. त्यातच सक्तीच्या बोली, म्हणजे ब्लाइंड, वाढत गेल्या की हातातल्या चिप्स त्यांच्या तुलनेत तुटपुंज्या होतात आणि डावपेचांना वावच उरत नाही.

कौशल्य दिसते ते अनेक स्पर्धांच्या एकत्रित हिशेबात. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि कायद्याचे प्राध्यापक थॉमस माइल्स यांनी 2010 च्या याच मालिकेतील निकाल तपासले. आधीच्या कामगिरीवरून कुशल ठरवलेल्या 720 खेळाडूंना गुंतवणुकीवर सरासरी 30 टक्क्यांहून अधिक परतावा मिळाला होता, तर इतरांना सुमारे 15 टक्के तोटा झाला होता.

उलट बाजूने, एखाद-दुसऱ्या चमत्कारावरून कौशल्य सिद्ध करू पाहणारेही चुकतातच. मार्क न्यूहाउस 2013 आणि 2014 मध्ये सलग अंतिम नऊ जणांत पोहोचले (आणि गंमत म्हणजे दोन्ही वेळा नववेच राहिले). हे अशक्यप्राय वाटते खरे. पण 2013 च्या नऊही जणांनी पुढच्या वर्षी भाग घेतला आणि 6,683 स्पर्धकांत सर्वांना समान संधी होती असे धरले, तर त्यांच्यापैकी कोणी तरी पुन्हा तिथे पोहोचण्याची शक्यता ऐंशीत एक इतकी येते.

म्हणून एक विनंती आहे. विजेत्याच्या बक्षिसाची रक्कम छापताना त्याने आजवर भरलेली प्रवेश शुल्के वजा जाता हाती काय उरले, हे कळू शकेल तेव्हा तेही छापावे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक