रिॲक्शन आली, पण नोंद कुठे आहे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १७ ते २३ सप्टेंबर या काळात राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स (म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा) सप्ताह पाळला जातो आणि रुग्णालयांत त्याचे फलक लागतात. वॉर्डात मात्र औषधाची रिॲक्शन आली की ती निस्तरली जाते, नोंदवली जात नाही. निवृत्त परिचारिका म्हणून हे लिहिताना त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच कबूल करते.

माझ्या ड्यूटीत एका रुग्णाला सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकचे इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांतच अंगभर गांधी उठल्या आणि धाप लागली. औषध थांबवले, ॲड्रेनॅलिन दिले, रुग्ण सावरला. केसपेपरवर ‘रिॲक्शन’ एवढाच शब्द पडला, डिस्चार्ज कार्डावर तोही नाही. काही महिन्यांनी तोच रुग्ण पुन्हा दाखल झाला, तेव्हा कोणत्या औषधाचा त्रास झाला होता, या प्रश्नाला त्याच्याकडे ‘पांढऱ्या पावडरीचं इंजेक्शन’ एवढेच उत्तर होते. वॉर्डातली बहुतेक अँटिबायोटिक्स पांढऱ्या पावडरीचीच असतात!

अशा नोंदींसाठी २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि गाझियाबादचा भारतीय औषधकोश आयोग २०११ पासून त्याचे समन्वय केंद्र आहे. फॉर्म भरायला डॉक्टरच हवा असे नाही. परिचारिका आणि फार्मासिस्टही तो भरू शकतात. तरी हात आखडतो, कारण बोट आपल्याकडे वळेल अशी धास्ती असते. वास्तविक, नोंद करणे म्हणजे चूक कबूल करणे नव्हे, हे त्या फॉर्मवरच छापलेले आहे आणि कळवणाऱ्याची ओळखही गुप्त राहते. दुसरी सबब अशी की, रुग्णाला एकाच वेळी आठ औषधे चालू असताना नेमके कोणते बाधले, हे सांगायचे कसे? पण फॉर्म संशयापुरताच आहे. कार्यकारणाची छाननी पुढे तज्ज्ञ करतात.

या नोंदी फायलींत पडून राहतात, असेही नाही. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडमुळे ताप, पुरळ आणि अंतर्गत अवयवांना इजा अशी ‘ड्रेस’ नावाची गंभीर प्रतिक्रिया उद्भवू शकते, असा इशारा आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला, तो देशभरातून आलेल्या अशाच नोंदींच्या प्राथमिक विश्लेषणावरून. ही प्रतिक्रिया अनेकदा औषध सुरू केल्यानंतर काही आठवड्यांनी दिसते, म्हणजे तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. म्हणून रिॲक्शन कळवण्याचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक नातेवाइकांच्या हाती डिस्चार्ज कार्डासोबतच पडला पाहिजे. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे, पण तो ओपीडीत मी कधी पाहिला नाही.

रुग्णालय प्रशासनांकडे माझी मागणी साधी आहे. ड्यूटी बदलताना दिल्या जाणाऱ्या रिपोर्टमध्ये रिॲक्शनचा स्वतंत्र रकाना असावा, डिस्चार्ज कार्डावर औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव ठळक मराठीत लिहावे आणि संशयित इंजेक्शनची रिकामी बाटली फॉर्म भरून होईपर्यंत कचऱ्यात टाकू नये. बॅच क्रमांक तिच्यावरच असतो. आम्ही तो शोधायला जायचो, तेव्हा सफाई होऊन गेलेली असायची.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा