सोयाबीनची धूळ आणि ‘सवय’

महोदय,

दिवाळी जवळ आली की मराठवाड्यातल्या मोंढ्यांत सोयाबीनच्या थप्प्या लागतात. चाळणीवर पोतं रिकामं केलं की पिवळसर धुरळा उठतो. हमाल तोंडाला रुमाल बांधून पुढचं पोतं पाठीवर घेतात. वडिलांनी यातच पंचवीस वर्षं काढली. ‘सवय होते रे,’ म्हणायचे. आता पहाटे तीनला दम्यानं खाटेवर उठून बसतात, छातीत शिट्टी वाजत असते.

सवय होते, पण उलट्या दिशेनं. ज्याला वावडं असतं त्याच्या शरीरात धुळीतल्या प्रथिनांविरुद्ध आयजीई ही प्रतिपिंडं तयार होतात आणि श्वासनळ्यांतल्या मास्ट या संरक्षक पेशींवर जाऊन बसतात. पुन्हा धूळ गेली की त्या पेशी हिस्टामाइन हे रसायन सोडतात, श्वासनळ्या आवळतात. वर्षानुवर्षं हेच चाललं की इओसिनोफिल या सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथंच मुक्काम ठोकतात, नळीचा स्नायू जाड होतो, कफ वाढतो. मग सोयाबीनच लागतं असं नाही, उदबत्तीचा धूरही पुरतो.

स्पेनमधल्या बार्सिलोनात १९८१ ते १९८७ या काळात दम्याचे रुग्ण एकाच दिवशी मोठ्या संख्येनं दवाखान्यात येत. कारण निघालं, बंदरावर उतरणारं सोयाबीन! तिथल्या धान्यकोठाराला गाळण्या बसवल्या आणि साथी थांबल्या. आपल्याकडे निदान चाळणीजवळ धूळ ओढणारा पंखा आणि हमालांना बरे मास्क, एवढं तरी या हंगामाआधी व्हावं. वडील अजून इनहेलर पिशवीच्या तळाशी लपवतात, लोक काय म्हणतील म्हणून.

– एक वाचक, लातूर जिल्हा