हिरवी वायर कुठे जोडायची?

आंजर्ले,
१० ऑगस्ट २०२५

चि. अनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले चार दिवे जूनमध्येच मिळाले होते. फोनवर तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी "पाऊस जरा थांबू दे, मग लावतो" असं सांगितलं. त्यात पावसाचा दोष निम्माच. उरलेली गोष्ट फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितो आहे.

मी ते स्वतःच लावायला निघालो होतो. स्टूल, टेस्टर, पक्कड घेऊन फाटकाजवळ गेलोही. पण हल्ली तुझी आई मला स्टुलावर चढू देत नाही, तेव्हा वायरमनला बोलावलं. आयटीआय झालेला मुलगा आहे, तिशीही नसेल. त्याने तुझा खोका उघडला, एक दिवा हातात घेऊन उलटा केला आणि विचारलं, "काका, ही हिरवी वायर कुठे जोडू?"

दिव्यातून तीन वायरी बाहेर येत होत्या. लाल फेजची, काळी न्यूट्रलची. हिरवी अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी, कारण दिव्याची बॉडी धातूची. आणि आपल्या खळ्यात, अंगणात, जाणारी लाइन दोनच वायरींची. हिरवीला जागाच नव्हती. मी म्हणालो, "टेप गुंडाळून आत सरकव." तो हसला नाही, वादही घातला नाही. दिवा परत खोक्यात ठेवला आणि म्हणाला, "आधी जुनं बघू."

जुनं म्हणजे आपला फाटकावरचा दिवा, हिरव्या इनॅमलच्या शेडचा. तू पाचवीत असताना तो मी बसवला, तेव्हा स्टूल धरून तूच उभी होतीस. शेड उतरवली तर आत कुंभारमाशीचं मातीचं घर, मेलेल्या मुंग्यांचा चमचाभर थर आणि वाळलेली पाल. होल्डरपाशी वायरचं प्लॅस्टिक इतकं कडक झालेलं की बोट लावताच शेवेसारखं तुटून पडलं. खाली उघडी ॲल्युमिनियमची तार, पांढरी भुकटी धरलेली. पुढे कधीतरी मी तिला तांब्याच्या वायरचा तुकडा पिळून जोडला होता. ॲल्युमिनियम आणि तांबं असं थेट एकत्र बांधलं आणि वरून खारी हवा लागली, की ॲल्युमिनियम खात जातं. सांधा सैल होतो, सैल सांधा तापतो. तीस वर्षं शाळेत विद्युतधारा शिकवली मी.

त्या दिव्यात दोन वर्षांपूर्वी मी एलईडी बल्ब घातला होता. बटण बंद केलं तरी तो रात्रभर मिणमिणायचा. तुझ्या लेकीने मे महिन्यात त्याला भूत ठरवलं होतं आणि मी "स्वस्तातला बल्ब आहे गं" म्हणून विषय मिटवला होता. त्या मुलाने बटण बंद करायला लावलं आणि होल्डरला टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला! मी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलं होतं. म्हणजे दिवा विझायचा, पण होल्डर जिवंतच राहायचा, आणि ओलसर वायरीतून जी थोडी गळती व्हायची ती एलईडीला मिणमिणायला पुरायची. जुना साठचा पिवळा बल्ब एवढ्यावर पेटत नाही, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. बटण बंद करून त्या होल्डरमधले बल्ब मी किती वेळा बदलले असतील, मोजत नाही.

विहिरीकडची लाइन त्याहून वाईट निघाली. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तुला आठवत असेल. वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या होत्या, त्यातली एक आपल्या वायरीवर पडली. कित्येक आठवडे गाव अंधारात होतं. मग ज्या दिवशी वीज आली त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की तुटलेली वायर पिळली, टेप मारला आणि आंब्याच्या फांदीवरून ओढून घेतली. तात्पुरती. फ्यूज उडायला लागला तर त्यात फ्यूजवायरऐवजी तांब्याचे चार पदर घातले. मग उडायचा थांबला. तो मुलगा फ्यूजचा किटकॅट काढून बघत राहिला आणि म्हणाला, "काका, हा फ्यूज नाही, हा खिळा आहे."

आता मुख्य सांगतो. विहिरीजवळचा तो लोखंडी पाइप, ज्यावर दिवा आहे, त्यालाच कपडे वाळत घालायची तार बांधलेली होती. दुसरं टोक न्हाणीघराच्या खांबाला. दिव्यातल्या वायरचं आवरण पाइपच्या तोंडाशी घासून गेलेलं होतं. उन्हाळ्यात काही नाही. पावसात ओल आली की पाइपात वीज, पाइपातून तारेत. पाइप सिमेंटच्या गठ्ठ्यात उभा, खाली आपली पुळण, नुसती वाळू. एवढ्याशा मार्गाने जमिनीत फार वीज जात नाही, मग फ्यूज कशाला उडेल? ती चांगल्या वाटेची वाट बघत बसते. ओले कपडे घेऊन अनवाणी उभा राहिलेला माणूस ही चांगली वाट. दर पावसाळ्यात पेपरात येतं ना, कपडे वाळत घालताना बाई गेली, तिला सोडवायला धावलेला नवराही गेला. ते असंच होतं.

आई मला तीन पावसाळे सांगत होती, "तारेला हात लावला की मुंग्या येतात हो." आणि मी, विज्ञानाचा मास्तर, तिला म्हणालो होतो, "तुझे हात ओले असतात म्हणून तसं वाटतं." पुढे ती बोलायची थांबली. ती बांबूची काठी घेऊन कपडे तारेवर टाकायला लागली तेव्हा मला वाटलं खांदा दुखत असेल. त्या दिवशी वायरमनसमोर विचारलं तर म्हणाली, "काठीने मुंग्या येत नाहीत." एवढंच. आणि चहा टाकायला आत गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात उघडीप मिळाली आणि काम काढलं. आधी त्याने मेगर लावला. फोनएवढं यंत्र असतं, पाचशे व्होल्ट देऊन वायरचं आवरण शाबूत आहे का ते सांगतं. निदान एक मेगओम यायला हवा. घरातल्या लाइनी बऱ्या निघाल्या, खळ्याची जवळजवळ शून्य. म्हणून बाहेरची सगळी वायर काढून टाकली, डागडुजी नाही.

अर्थिंगचा खड्डा मी नारळाच्या आळ्याशेजारी घ्यायला लावला. पुळणीत पाणी टिकत नाही आणि कोरड्या वाळूत अर्थिंग नावापुरतं उरतं. न्हाणीघराचं पाणी तिथे बारा महिने जातं. खणताना कडा सारख्या ढासळत होत्या, दोन गडी दिवसभर वैतागले. अडीच मीटरचा भोकं पाडलेला जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर. फाटकापर्यंत आणि विहिरीपर्यंत अडीच फूट खोल चर मारून आर्मर्ड, म्हणजे पोलादी कवचाची, केबल टाकली आणि तिच्यावर विटांची ओळ, पुढे कोणी कुदळ मारली तर आधी वीट लागावी म्हणून. फांदीवरून आता काहीही जात नाही. आंबा मोकळा दिसतो.

आणि मीटरशेजारी, खळ्याच्या लाइनवर, आरसीसीबी बसवला, म्हणजे गळती पकडणारा स्विच. तुझा इंजिनिअर नवरा म्हणेल एमसीबी आहे की, मग हे कशाला? एमसीबी, म्हणजे जादा वीज वाहिली की पडणारा स्विच, वायरला वाचवतो, माणसाला नाही. खळ्याचा एमसीबी सहा अँपिअरचा, म्हणजे सहा हजार मिलिअँपिअर. त्याच्या कितीतरी आधी माणूस संपतो. आरसीसीबी फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज सतत ताडून बघतो. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात सगळं बंद. आणि अर्थिंग असेल तर गळती तिकडून जाते, कोणी हात लावायच्या आधीच तो पडतो.

पहिल्या दिवशी तो टिकेचना. चढवला की खट्, चढवला की खट्. मी म्हटलं, "मशीन खराब दिसतंय." तो म्हणाला, "मशीन बरोबर आहे काका, घर खराब आहे." पडवीतल्या एका पंख्याचा न्यूट्रल भलतीकडे, खळ्याच्या लाइनला बांधलेला निघाला. तोही माझाच पराक्रम. सुटा केला तेव्हा टिकला.

तुझ्या दिव्यांपैकी दोनांवर आयपी ६५ लिहिलं आहे, ते फाटकावर आणि विहिरीवर. सहा म्हणजे धूळ आत जात नाही, पाच म्हणजे पाण्याची धार मारली तरी चालतं. उरलेले दोन आयपी ४४ चे, शिंतोड्यांपुरते, ते पडवीत पागोळ्यांच्या आत घेतले. रागावू नको, आपल्याकडचा पाऊस आडवा येतो. वायर सगळीकडे खालून आत घेतली आहे आणि आधी तिला झोळ दिला आहे, पाणी वायरवरून ओघळत दिव्यात जाण्याऐवजी झोळाच्या तळाशी ठिबकावं म्हणून. हिरव्या वायरी चारही ठिकाणी जोडल्या. त्या जोडताना मी जवळ उभा होतो.

खर्च मजुरी धरून बावीस हजारांच्या आसपास आला. तू पाठवू नकोस. दिव्यांपेक्षा खड्डा महाग पडला हे खरं, पण माझ्या पेन्शनीतून हे व्हायला हवं होतं.

कपड्यांची तार काढली. आता नायलॉनची दोरी आहे, दोन पोफळींच्या मध्ये, कुठल्याही पाइपाला न लागता. आई अजून काठीनेच कपडे टाकते. मी काही बोलत नाही.

ठाण्याच्या घरी मीटरच्या पेटीत बघ. टी लिहिलेलं छोटं बटण असलेला स्विच, म्हणजे आरसीसीबी, आहे का? असेल तर दाब. घरातली वीज गेली पाहिजे. गेली नाही तर तो नुसता शोभेचा, त्याच दिवशी माणूस बोलाव. तसं बटणच नसेल तर गॅलरीत दिवाळीच्या माळा लावायच्या आधी बसवून घे. आणि गॅलरीच्या कठड्याला हात लागून कोणी "मुंग्या आल्या" म्हणालं, तुझी कामवाली म्हणाली, लेक म्हणाली, तर हात ओले होते का असं विचारू नकोस.

२७ तारखेला गणपती. तुम्ही आदल्या रात्री पोचाल तेव्हा फाटकावर तुझा दिवा लागलेला असेल. बंद केल्यावर तो पूर्ण विझतो, नातीला भूत गेल्याचं तूच सांग.

तुझा,
बाबा

ता. क. हिरवी शेड टाकलेली नाही. घासून ठेवली आहे. तो मुलगा म्हणतो नवा होल्डर घालून, हिरवी वायर जोडून पडवीत लावता येईल. तुला हवी असेल तर तुझ्याकडे ने, पण वायर त्यालाच घालू दे, मला सांगू नकोस.