आमच्या गावच्या आशाताईंना

आशाताई, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. अमळनेर तालुका, एवढं पुरे. पोराला विचारूनच लिहितोय. त्याने दोन अटी घातल्या: त्याचं नाव टाकायचं नाही आणि 'बिचारा' म्हणायचं नाही.

उपचार डॉक्टरांनी केले, गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळाल्या. मग तुमचे आभार कशाचे, असं कोणी विचारेल. तर जळगावच्या सरकारी दवाखान्यात मनोविकार विभाग आहे, केस पेपर काढला की तिथे डॉक्टर बघतात, हे आमच्या घरात कोणाच्या गावीही नव्हतं. बारावीचं पोरगं रात्र रात्र जागतं, क्लास सोडून घरी पडून राहतं, भरल्या ताटावरून उठतं, म्हणून आम्ही पोटाचा डॉक्टर केला, डोक्याचा फोटो काढला. रिपोर्ट नॉर्मल. ते ऐकून भाऊबंद म्हणाले, नाटकं करतो. माझी आई म्हणाली, बाहेरचं आहे, भगताकडे न्या.

तुम्ही आलात त्या काखेत रजिस्टर घेऊन, नेहमीसारख्या. आशा कोणाच्या घरात शिरली तर गल्लीत कोणी मान वर करून बघत नाही, याचा तुम्ही काय झकास उपयोग केलात! त्याच्याशी एकट्याशी बोललात. इकडचं तिकडचं झालं आणि मग सरळ विचारलंत, "मरून जावं असं वाटतं का रे?" मी दाराआड उभा होतो. अंगावर काटा आला. असलं विचारून नसलेलं त्याच्या डोक्यात घालाल, अशी भीती वाटली. तो "हो" म्हणाला, आणि नंतर कितीतरी वेळ बोलतच होता. असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट ओझं उतरतं, हे तुम्ही मला नंतर ओट्यावर बसून समजावलंत.

पण त्याआधी विचारलंत ते वेगळंच: "कपाशीच्या फवारणीचं औषध कुठे ठेवता?" ते तर मागच्या पडवीत, हाताला येईल असं. तुम्ही उभं राहून सगळे डबे खळ्यातल्या खोलीत हलवायला लावले, कुलूप घालून किल्ली माझ्याकडे ठेवायला सांगितली. ती अजून माझ्याच कडदोऱ्याला आहे. आपल्याकडे कापूस लावणाऱ्या घराघरात ते औषध खाटेखाली नाहीतर कोनाड्यात असतं, म्हणून हे जरा लांबण लावून लिहिलं.

त्या रात्री तुम्ही दिलेला 14416 लावला. हे टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलतात. आमच्याशी तोंड न उघडणारा पोरगा फोनवरच्या त्या अनोळखी बाईंशी मनातलं बोलला. बापाला थोडं लागलंच, खोटं कशाला सांगू.

जळगावला जायचं ठरलं तेव्हा आई अडून बसली. "माय वं, पोरले ठाणाले टाकतीन का?" तिच्या लेखी असला दवाखाना म्हणजे ठाण्याचं नाहीतर येरवड्याचं मनोरुग्णालय. तुम्ही तिच्या शेजारी मांडी घातलीत. "नही वं माय, कोठेच टाकतस नही." अठराच्या आतल्या पोराला अगदीच गरज पडली तरच दाखल करतात, तेव्हाही घरचं माणूस पूर्ण वेळ सोबत राहतं, 2017 चा मानसिक आरोग्याचा कायदाच तसा आहे, हे तिला अहिराणीत पटवलंत. भगताला नावं ठेवली नाहीत. देवाचं तुम्ही करा, गोळी मात्र चुकवू नका, एवढंच म्हणालात. शिकल्यासवरलेल्यांना हे जमत नाही. ते आधी आईच्या श्रद्धेवर घसरतात आणि मग ती कानच बंद करते.

पहिल्या खेपेला पॅसेंजरने आमच्या सोबत आलात. कामागणिक मोबदला मिळणाऱ्या बाईचा पुरा दिवस गेला. खिडकी, रांग, कोणाला काय विचारायचं, सगळं तुम्ही बघितलंत. तिथल्या समुपदेशकांनी पोराला आधी एकट्याला आत घेतलं, आम्हाला नंतर. परतीच्या गाडीत तुम्ही बजावलंत की दोन-तीन आठवडे फरक दिसणार नाही, आणि दिसला की गोळी बंद करायची घाई सुटेल. डॉक्टर सांगतील तेव्हाच ती कमी करायची. दोन्ही तसंच झालं. बरं वाटू लागल्यावर घरात "आता कशाला गोळ्या" सुरू झालं, तेव्हा तुमचंच नाव सांगून मी सगळ्यांना गप्प केलं.

पोरगं परत क्लासला जातं. झोपतं. कधी कधी गप्प होतं, तेव्हा आम्ही विचारतो.

ताई, शेजारच्या गल्लीतल्या एका घरी तुमची गरज आहे. त्यांनी स्वतःहून विचारलंय, म्हणून सांगतोय. रजिस्टर घेऊनच या. आणि श्रावणात कानबाईला आमच्याकडे यायचं. आईचा निरोप आहे, तिला नाही म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

तुमचा,
एक कापूसवाला बाप